तारीख आणि तिकीट

जून सरता सरता महाविद्यालयांत प्रवेशाच्या याद्या लागतात, तासिकांचे वेळापत्रक फलकावर चढते, सत्रपरीक्षांचे संभाव्य दिनांकही परिपत्रकाने कळतात. परंतु आपल्या महाविद्यालयाचा फुटबॉलचा संघ ह्या वर्षीचा पहिला सामना कोणत्या दिवशी, कोणत्या गावी आणि कोणाशी खेळणार, असा प्रश्न कोणी केला, तर प्राचार्यांपासून शिपायापर्यंत कोणालाही त्याचे उत्तर देता येत नाही. ज्या मुलाने उन्हाळ्याची सारी सुट्टी पहाटे उठून धावण्यात घालवली, त्यालाही ते ठाऊक नसते. आंतरमहाविद्यालयीन क्रीडेची जी अवकळा आपण वर्षानुवर्षे निमूटपणे पाहत आलो, तिची कारणे सांगताना मैदानांचा अभाव, निधीची चणचण आणि पालकांची उदासीनता ह्यांची नावे घेण्याचा शिरस्ता आहे. ती कारणे खोटी नाहीत. तथापि त्यांच्याहून साधे आणि त्यांच्याहून लवकर दूर करता येण्यासारखे एक कारण आपल्या दृष्टीआड राहिले आहे. आपल्या महाविद्यालयीन खेळाला मुकर्रर तारीख नाही आणि त्याच्या दाराशी तिकीट नाही. हंगाम केव्हा सुरू होणार हे दोन महिने आधी जाहीर व्हावे, आणि तो पाहावयास येणाऱ्याकडून अल्प का होईना, मूल्य घेऊन त्याला रीतसर तिकीट दिले जावे, एवढ्या दोनच गोष्टींची मागणी मी ह्या लेखात करणार आहे. आणि त्यांचा आरंभ अक्कलकोटसारख्या तालुक्याच्या गावी व्हावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आज बहुतेक ठिकाणी जे घडते ते असे. स्पर्धेचे पत्र महाविद्यालयात येऊन पोहोचते तेव्हा हातात मोजके दिवस उरलेले असतात; शारीरिक शिक्षण संचालक धावपळ करून संघ जमवतात, पात्रतेचे अर्ज भरून घेतात, आणि ठरल्या दिवशी पहाटेच्या एसटीने मुले यजमान गावी जाऊन उतरतात. तेथे फक्कीने रेषा आखण्याचे काम चाललेले असते, गोलच्या खांबांना जाळी बांधण्यासाठी कोणी सुतळी शोधत असतो, आणि पाहुण्या संघातील मुले झाडाखाली पिशव्या ठेवून तेथेच कपडे बदलत असतात. सामना सुरू होतो तेव्हा रेषेबाहेर उभे असतात ते दोन्ही बाजूंचे राखीव खेळाडू, एकदोन प्राध्यापक आणि रस्त्याने जाता जाता सायकल थांबवून पाहणारा एखादा शाळकरी मुलगा. ज्या महाविद्यालयाच्या नावाने ते अकरा जण घाम गाळत असतात, तेथील शेकडो विद्यार्थी त्या घटकेस वर्गात किंवा घरी असतात, आणि आपला संघ जिंकला की हरला हे त्यांना फलकावरच्या दोन ओळींवरून कळले तर कळते.

ह्या अवस्थेत स्पर्धेच्या बाद पद्धतीची भर पडते. सोळा संघांची स्पर्धा बाद पद्धतीने घेतली की पंधरा सामन्यांत तिचा निकाल लागतो, दोन दिवसांत दप्तर बंद करता येते आणि खर्चही थोडा येतो. म्हणून ती पद्धत व्यवस्थापकांना सोयीची वाटते. परंतु त्या सोळांपैकी आठ संघ पहिल्याच फेरीत परततात, म्हणजे निम्म्या संघांच्या बाबतीत हंगामाचा आरंभ आणि हंगामाची समाप्ती एकाच प्रहरात उरकते. दीड तासाच्या खेळासाठी कोणता मुलगा वर्षभर सराव करील, आणि असा सामना पाहण्यासाठी कोणता प्रेक्षक वाट वाकडी करील? प्रेक्षकाला सवय लागण्यासाठी पुनरावृत्ती लागते. खेळाडूला पहिल्या सामन्यातील चूक दुसऱ्या सामन्यात दुरुस्त करण्याची संधी लागते. बाद पद्धतीच्या घाईत दोघांचीही उपेक्षा होते. विद्यापीठाचा संघ निवडणाऱ्यांनाही, ज्या मुलाचा खेळ त्यांनी एकदाच आणि तोही पराभवाच्या गडबडीत पाहिला, त्याच्याविषयी न्याय्य मत बनवणे कठीण जाते.

महाविद्यालयीन खेळाची तारीख किती गांभीर्याने पाळता येते, ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथील फुटबॉल हा चेंडू हातात घेऊन धावण्याचा निराळा खेळ आहे. परंतु येथे प्रश्न खेळाच्या नियमांचा नसून त्याच्या व्यवस्थेचा आहे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन ह्या दोन महाविद्यालयांचे संघ सुमारे शंभर माणसांसमोर पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना खेळले. त्या शंभरांची परंपरा पुढे इतकी वाढली की, मिशिगन विद्यापीठाच्या १९२७ साली बांधलेल्या क्रीडागाराची अधिकृत आसनसंख्या आज १,०७,६०१ आहे. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या आरंभी हंगामाचा पहिला सामना होतो. कोण कोणाशी खेळणार, ह्याचे करार दोन विद्यापीठांमध्ये कित्येकदा काही वर्षे आधीच झालेले असतात, आणि करार मोडणाऱ्याला भरपाई द्यावी लागते. विद्यार्थ्यांसाठी राखीव विभाग असतो, संपूर्ण हंगामाची तिकिटे एकदम विकली जातात, आणि शिक्षण संपवून दूरदेशी गेलेला माजी विद्यार्थीही सामन्याच्या शनिवारी आपल्या विद्यापीठाच्या गावी परततो.

त्या व्यवस्थेचे दोषही त्याच चित्रात स्पष्ट दिसतात. सामन्याचा दिवस पुष्कळ आधी ठरतो, पण त्याची वेळ मात्र अनेकदा दूरचित्रवाणीच्या वाहिन्या केवळ बारा दिवस, आणि क्वचित सहाच दिवस आधी ठरवतात, त्यामुळे तिकीट घेऊन बसलेल्या माणसाला सामना दुपारी आहे की रात्री, हे शेवटपर्यंत कळत नाही. चांगली जागा मिळवण्यासाठी कित्येक ठिकाणी तिकिटाच्या किमतीशिवाय निराळी देणगी द्यावी लागते. जेथे तिकीट हे उत्पन्नाचे मुख्य साधन होऊन बसते, तेथे प्रेक्षक हा गिऱ्हाईक बनतो आणि विद्यार्थी मागच्या रांगेत ढकलला जातो. आपल्याला त्या वैभवाची हाव धरण्याचे कारण नाही. आपण त्यांच्याकडून घ्यावयाचा तो एवढाच बोध, की आधी दिलेला शब्द पाळला तर प्रेक्षक पिढ्यान् पिढ्या येत राहतो.

आणि हा बोध आपल्याला नवीनही नाही. विष्णुदास भावे ह्यांनी १८४३ साली सांगलीत आपले पहिले नाटक सादर केले ते राजाश्रयाने. पुढे तो आश्रय सुटल्यावर मंडळी घेऊन ते गावोगाव फिरले आणि १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी रंगभूमी राजाच्या कृपेवाचून जगली ती तिकिटाच्या बळावर, आणि तिकीट घेणाऱ्या प्रेक्षकाचा मान तिने तिसऱ्या घंटेचा नेम पाळून राखला. जत्रेतल्या कुस्त्यांचेही तसेच. कोणत्या तिथीला फड भरणार, पहिल्या क्रमांकाची जोड कोणती, इनाम किती, हे सारे हस्तपत्रकांतून पंचक्रोशीत आधीच पोहोचते, आणि माणसे शेतीची कामे त्या हिशेबाने मागेपुढे करतात. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभारले ते खेळणाऱ्यांइतकेच पाहणाऱ्यांसाठीही होते. चहूंकडून उतरत्या बैठकी बांधून, दूरच्या माणसालाही डाव नीट दिसावा अशी तजवीज त्यांनी तेथे केली.

फुटबॉलच्या बाबतीत तर महाराष्ट्राला दूर जाण्याचे प्रयोजनच नाही. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या नियंत्रणाखाली जी वरिष्ठ गटाची साखळी स्पर्धा शाहू स्टेडियमवर चालते, तिच्या आरंभाची त्या शहरात सणासारखी वाट पाहिली जाते. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही तालीम मंडळे, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, ह्यांची नावे पेठांच्या अभिमानाशी जोडलेली आहेत. हंगामापूर्वी खेळाडूंची नोंदणी होते तेव्हा कोण कोणत्या संघात गेला, ह्याची चर्चा कट्ट्याकट्ट्यावर चालते. सामन्यांचा कार्यक्रम वर्तमानपत्रांत छापून येतो. आणि दुपारी कामधंदा आटोपून माणसे तिकीट काढून गॅलरीत जाऊन बसतात. तेथे तिकीट काढणे हा कोणाला जुलूम वाटत नाही, कारण त्या पैशाच्या बदल्यात ठरल्या वेळी ठरलेला सामना मिळतो. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत देशाच्या संघातून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा; आणि खेळ पाहणारी, समजणारी आणि त्यासाठी खिशात हात घालणारी माणसे ज्या शहरात एवढी आहेत, तेथून असा खेळाडू निघावा ह्यात आश्चर्य नाही. त्याच कोल्हापुरात समर्थकांच्या वादांमुळे सामने थांबवावे लागल्याचे प्रसंगही घडले आहेत. त्या अनुभवाकडे पुढे येईन.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. २००४ साली स्थापन झालेले आणि आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर ह्यांचे नाव धारण करणारे सोलापूर विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते आहे. ही गोष्ट विस्ताराच्या दृष्टीने उणेपणाची मानली जात असली, तरी क्रीडेच्या दृष्टीने ती फार मोठी अनुकूलता आहे. कारण जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावाहून दुसऱ्या गावी जाऊन, सामना खेळून, त्याच दिवशी परतता येते. आठ महाविद्यालयांची साखळी घेतली, तर प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळावयाचे झाल्यास अठ्ठावीस सामने होतात, आणि दर फेरीत चार सामने याप्रमाणे ते सात फेऱ्यांत पुरे होतात. त्याचा तक्ता करण्यास कोणत्याही महागड्या साधनाची गरज नाही: आठ संघांची नावे समोरासमोर दोन ओळींत लिहावी, पहिले नाव जागीच ठेवावे, बाकीची सात दर फेरीला एकेक घर पुढे सरकवावी, आणि समोरासमोर येतील त्यांचा सामना मांडावा. घरचा सामना कोणाचा आणि परगावचा कोणाचा, एवढे आलटूनपालटून पाहिले की एका बैठकीत सारा हंगाम कागदावर उतरतो. कठीण काम पुढचे आहे, ते त्या कागदाला गावाच्या पंचांगाशी जुळवण्याचे.

अक्कलकोटपुरते सांगतो. हे स्वामी समर्थांचे गाव. येथे गुरुवारी आणि पौर्णिमेला भाविकांची रीघ लागते, वटवृक्ष मंदिराकडे जाणारे रस्ते गाड्यांनी भरतात, एसटीत उभे राहावयास जागा मिळत नाही. त्या दिवशी सामना ठेवणे म्हणजे खेळाडू, प्रेक्षक आणि भाविक अशा तिघांचीही अडचण करणे. रविवारचीही तीच कथा. म्हणून शनिवारची दुपार त्यातल्या त्यात बरी. मैंदर्गी, दुधनी, वागदरी, चपळगाव, नागणसूर ह्या गावांहून पासावर येणारी मुले संध्याकाळच्या गाडीने परतणारी असतात, तेव्हा चार वाजता सुरू झालेला सामना सहाच्या आत संपलाच पाहिजे, आणि तो पाहण्यासाठी मुलींना थांबता यावे असे वाटत असेल, तर ह्या वेळेत दहा मिनिटांचाही ढिलेपणा चालणार नाही. आपला तालुका अवर्षणप्रवण. कोकणासारखा पाऊस येथे सामन्यांच्या आड महिनोन् महिने येत नाही. परंतु आपली काळी जमीन एकदा भिजली की पायाला धरून ठेवते, म्हणून मैदानावर मुरूम अंथरलेला हवा आणि प्रत्येक सामन्याला एक राखीव दिवस आधीच नेमून दिलेला हवा.

हंगामाच्या पहिल्या दिवसासाठी माझी सूचना अशी आहे. २९ ऑगस्ट हा मेजर ध्यानचंद ह्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. बहुतेक ठिकाणी तो एक प्रतिमापूजन आणि दोन भाषणे ह्यांत संपतो. त्या आठवड्यातील शनिवार हाच आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा प्रारंभदिन कायमचा ठरवावा. २०२५ साली २७ ऑगस्टला आली तशी गणेश चतुर्थी त्याच आठवड्यात येईल, त्या वर्षी आधीचा शनिवार घ्यावा. गणपतीचे दहा दिवस सोडून द्यावेत. आणि उरलेल्या फेऱ्या दिवाळीच्या आत पुऱ्या कराव्यात. दुपारी दोनला मुलींचा सामना आणि चारला मुलांचा, असा दुहेरी कार्यक्रम एकाच तिकिटावर असावा. एकदा छापलेली तारीख कोणा पाहुण्याच्या सोयीसाठी, कोणा सभेसाठी किंवा कोणा सत्कारासाठी बदलू नये. तारीख बदलण्याचा अधिकार फक्त पावसाला असावा.

तिकिटाविषयी बोलू लागले की पहिला आक्षेप येतो तो असा, की गरीब मुलांकडून पैसे कसले घ्यावयाचे? हा आक्षेप सद्भावनेतून येतो, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. विद्यार्थ्याला ओळखपत्रावर पाच रुपये, इतरांना वीस रुपये आणि बारा वर्षांखालील मुलांना मोफत, असा दर ठेवला तर त्याने कोणाचीही वाट अडत नाही. पाचशे रुपयांपर्यंतच्या प्रवेशमूल्यावर वस्तू व सेवा कर लागत नसल्याने त्या बाबतीतही काही गुंतागुंत नाही. दोनशे नागरिक आणि तीनशे विद्यार्थी आले, तर एका दिवसाचे साडेपाच हजार रुपये होतात. रक्कम मोठी नाही; परंतु पाहुण्या संघाचा प्रवास, पंचांचे मानधन आणि मैदानाची डागडुजी ह्यांचा पुष्कळसा भार तिने हलका होईल. आणि रकमेहूनही महत्त्वाचा आहे तो तिकिटाने उत्पन्न होणारा हक्क. फुकट पाहणाऱ्याला उशीर झाला तरी बोलता येत नाही, जाळी फाटकी असली तरी विचारता येत नाही, सामना न झाला तर तो मुकाट्याने घरी जातो. पाच रुपये दिलेला विद्यार्थी मात्र व्यवस्थापकांना जाब विचारू शकतो, आणि असा विचारणारा समोर बसला आहे हे ठाऊक असल्यामुळेच व्यवस्थापन वेळेवर हालते.

विक्रीची पद्धतही ह्याच दृष्टीने ठरवावी. सामन्याच्या दहा दिवस आधी महाविद्यालयाच्या कार्यालयात आणि गावातील एकदोन पुस्तकांच्या दुकानांत विक्री सुरू व्हावी. पहिले दोन दिवस केवळ विद्यार्थ्यांसाठी असावेत. आणि एकंदर तिकिटांपैकी एक चतुर्थांश सामन्याच्या दिवशी दारावर विकण्यासाठी राखून ठेवावीत, म्हणजे खेड्यावरून आलेला माणूस परत फिरणार नाही. तिकिटांना अनुक्रमांक असावा, स्थळप्रत पुस्तकात राहावी, आणि आठ दिवसांच्या आत जमाखर्च महाविद्यालयाच्या फलकावर लागावा. मानाच्या पासांची प्रथा ह्या उपक्रमात शिरूच देऊ नये. आपल्याकडे पहिल्या रांगेत कोच मांडले जातात, ते पाहुण्यांची वाट पाहत अर्धा सामना रिकामे राहतात, आणि ज्यांनी पैसे मोजले ते त्यांच्या पाठीमागे टाचा उंचावून उभे असतात. नगराध्यक्ष असोत वा आमदार, त्यांनी वीस रुपयांचे तिकीट काढून रांगेतून आत यावे. तसे ते आले तर त्या दिवशी गावातील प्रत्येक मुलाला नागरिकशास्त्राचा एक धडा पुस्तकाविना मिळेल.

दुसरा आक्षेप गर्दीच्या शिस्तीचा. कोल्हापुरातील वादांचा उल्लेख मी वर केला. जेथे निष्ठा प्रखर असते तेथे क्वचित संघर्षही उद्भवतो, हे मान्यच केले पाहिजे. त्यावर उपाय प्रेक्षकांना दूर ठेवणे हा नव्हे. दोन्ही महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांचे विभाग निराळे ठेवावेत, प्रत्येक विभागात त्यांचेच प्राध्यापक आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक बसावेत, प्रवेश आणि निर्गम ह्यांची दारे वेगळी असावीत, आणि ज्या महाविद्यालयाचे समर्थक मर्यादा सोडतील, त्याचा पुढचा घरचा सामना परगावी हलवण्याचा नियम आधीच छापून ठेवावा. आणि गर्दी कशी हाताळावी, हे अक्कलकोटला कोणी शिकवावयास नको. अन्नछत्र मंडळात दररोज हजारो माणसे रांगेने आत येतात, पंगतीला बसतात, उठतात आणि दुसरी पंगत बसते; गुरुपौर्णिमेला तर ह्या रांगांचा अंत दिसत नाही. ज्या गावातील सामान्य माणूस ही सेवा रोजच्या रोज पाहतो आणि तीत हातभार लावतो, त्या गावाला पाचशे प्रेक्षकांच्या सामन्याची व्यवस्था जड वाटण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप अभ्यासाचा. वेळापत्रक आधी ठरले म्हणजे अभ्यासाची हानी होते, हे म्हणणे वस्तुस्थितीच्या उलट आहे. हानी होते ती आयत्या वेळी येणाऱ्या पत्रामुळे, ज्यामुळे मुलाला प्रात्यक्षिक बुडवून गाडी पकडावी लागते. सात शनिवार कोणते, हे जुलैतच कळले तर तो त्या हिशेबाने अभ्यास आखील, आणि प्राध्यापकही चाचण्या त्या दिवशी ठेवणार नाहीत.

अक्कलकोट संस्थान १९४८ साली विलीन झाले. राजाश्रयाचा तो काळ गेला. राजा विजयसिंह आणि राजा जयसिंह ह्यांची नावे आज येथील खेडगी महाविद्यालयाच्या वाणिज्य आणि कला शाखांना जोडलेली आहेत, आणि त्यांच्या शेजारी विज्ञान शाखेवर बसवेश्वरांचे नाव आहे. कन्नड आणि मराठी ह्या दोन्ही भाषा बोलणारी मुले जेथे एका बाकावर बसतात, तेथे एका संघासाठी दोन्ही भाषांतून आरोळी उठणे हे केवढे मोठे सामाजिक शिक्षण आहे! राजाश्रयानंतर शासनाचे अनुदान आले. परंतु अनुदानाने जाळी विकत घेता येते, प्रेक्षक विकत घेता येत नाही. त्याला बोलवावे लागते, त्याला दिलेली वेळ पाळावी लागते, आणि त्याच्याकडून घेतलेल्या पैशाचा हिशेब त्याला द्यावा लागतो. येत्या काही आठवड्यांत महाविद्यालयांच्या क्रीडा समित्यांच्या बैठका भरतील. त्या बैठकांत उद्घाटनाला कोणास बोलवावे ह्या विषयाच्या आधी, पहिला सामना कोणत्या शनिवारी, कोणाशी आणि किती रुपयांच्या तिकिटावर, हे तीन तपशील ठरावाच्या रूपाने मंजूर करून घ्यावेत आणि दुसऱ्याच दिवशी फलकावर लावावेत. ह्याला शासनाची मंजुरी लागत नाही, नवे बांधकाम लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. लागतो तो दिलेली तारीख न बदलण्याचा निर्धार, आणि तो करणे सर्वस्वी आपल्याच हाती आहे.